पाचातला एक

दुकानातल्या दादांनी पिशवीत ऑक्सिजन भरून वर रबर गुंडाळलं, तेव्हा पाचही मासे मला सारखेच दिसले होते. फिकट बदामी अंगावर काळपट डाग, तोंडाशी सहा मिशा आणि पोट वर करून पोहायची ती सवय. दुकानात याला 'अपसाइड डाउन' म्हणतात. काँगो नदीच्या खोऱ्यातला हा कॅटफिश नाशिकमध्ये क्वचित येतो. मी आठ वर्षं टाक्या ठेवते आहे, त्यात तिसऱ्यांदा पाहत होते. मुंबईहून, कुर्ल्याच्या होलसेल बाजारातून एखादी पिशवी येते आणि दोन दिवसांत संपते. दादांचा फोन आला तेव्हा मी अंबडला कंपनीत होते. शिफ्ट सुटल्यावर थेट नाशिक रोड गाठलं आणि पाच मासे मांडीवर घेऊन रिक्षाने इंदिरानगरला आले.

टाकीत सोडल्यावर दहाव्या मिनिटाला बाबांनी हाक मारली. "अगं, मेले की काय हे? उताणे झालेत!"

बाबांचं बालपण नांदूर-मध्यमेश्वरच्या बाजूला गेलं. गोदावरी आणि कादवेतले शिंगाळे, मरळ, वाम त्यांनी गळाला लावलेले आहेत. त्यांच्या हिशेबात पोट वर केलेला मासा म्हणजे संपलेला मासा. मी त्यांना खुर्ची ओढून टाकीसमोर बसवलं आणि रंग बघायला सांगितलं. आपल्याकडच्या बहुतेक माशांची पाठ गडद असते आणि पोट फिकट. वरून बघणाऱ्या बगळ्याला पाठ तळासारखी दिसते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पोट आभाळासारखं दिसतं. या माशाचं आयुष्य उलटं जातं, म्हणून रंगही उलटा: पाठ फिकट, पोट काळसर. सायनोडॉन्टिस निग्रिव्हेंट्रिस या शास्त्रीय नावातच 'काळ्या पोटाचा' हे सांगितलेलं आहे. पाण्यावर पडलेले किडे त्याला तसंच उलटं राहून टिपता येतात. शिवाय पाण्यात प्राणवायू कमी असला तर पृष्ठभागालगतच्या थरात तो थोडा जास्त असतो, आणि उलट्या माशाचं तोंड नेमकं तिथे पोचतं. इजिप्तमध्ये याचा एक मोठा भाऊबंद नाईल नदीत आहे. तिथल्या प्राचीन कबरींच्या भिंतींवर कोरलेल्या माशांत उलटा पोहणारा सायनोडॉन्टिस ओळखू येतो. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानेही हा मासा बाबांसारखाच थांबून पाहिला असणार. बाबा त्या रात्री जेवण गार होईपर्यंत टाकीसमोरून उठले नाहीत.

हे मासे दिवसा लाकडाखाली चिकटून बसतात, त्यामुळे पहिला आठवडा मला ते नीट दिसलेच नाहीत. आठव्या रात्री दिवे बंद करून टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला आणि टाकीसमोर मांडी घातली. चौघे जण ड्रिफ्टवूडच्या खालच्या बाजूला ओळीने लटकले होते. पाचवा मात्र मागच्या कौलाखाली एकटा होता, आणि त्याचे डोळे बटबटीत होते.

माझ्या मनात आधी आजारच आला. पाणी बिघडलं की माशांचे डोळे सुजून बाहेर येतात, त्याला आम्ही पॉप-आय म्हणतो. लगेच अमोनियाची टेस्ट केली, शून्य. नायट्राइट शून्य, म्हणजे पाणी ठीक होतं. पॉप-आयमध्ये बऱ्याचदा डोळ्यावर धुरकट पडदा येतो, मासा खाणं सोडतो. याचे दोन्ही डोळे सारखे, काचेसारखे स्वच्छ, आणि ब्लडवर्म, म्हणजे खाण्याच्या लाल अळ्या, टाकल्याबरोबर हा सगळ्यांच्या आधी आला. आणखी दोन रात्री पाहिलं. डोळे सुजले नव्हते, मुळातच मोठे होते. डोकंही मोठं होतं. अंग इतरांपेक्षा आखूड आणि उंच, कोणी मासा शेपटीकडून जरा दाबून ठेवावा तसं.

मग दुसरी काळजी लागली. निग्रिव्हेंट्रिस बोटभर मासा आहे, दहा सेंटिमीटरच्या आत राहतो. पण याच नावाखाली बाजारात सायनोडॉन्टिस युप्टेरसची पिल्लंही सर्रास विकली जातात. लहानपणी तीही ठिपकेदार असतात आणि तीही उलटी पोहतात. त्यांच्या पाठीवरच्या पराला पिसासारखे लांब तंतू फुटतात ते मोठेपणी, तोवर ओळखणं कठीण. युप्टेरस वीस सेंटिमीटर सहज गाठतो, तीसपर्यंतही जातो, आणि मोठा झाला की आपली जागा सोडत नाही. शिवाय शेतीतळ्यांवर हार्मोनचं इंजेक्शन देऊन दोन-दोन जातींचे संकर काढलेले असतात, ते वेगळेच. माझी टाकी तीन फुटांची, एकशे तीस लिटरची. हा युप्टेरस असेल तर दीड-दोन वर्षांत त्याला माझ्या घरात जागा उरणार नव्हती.

अशा वेळी लोक काय करतात ते मला माहीत आहे. रात्री बादली घेऊन नदीवर जातात. उजनीच्या जाळ्यांत सकर मासे येतात ते असेच कोणाकोणाच्या टाक्यांतून सुटलेले. कंपनीत मी आफ्रिकन कॅटफिशचा विषय काढला तर शेजारच्या टेबलावरून लगेच प्रश्न आला, "मॅडम, त्यावर बंदी आहे ना?" ती बंदी आफ्रिकन मागूरवर आहे. ती वेगळ्या कुळातली जात. तळ्यातून नदीत शिरली की स्थानिक मासे फस्त करते, म्हणून केंद्र सरकारने २००० साली तिच्यावर बंदी घातली. माझ्या माशाचा तिच्याशी एवढाच संबंध की दोघे आफ्रिकेतले आणि दोघांना मिशा. पण प्रश्न विचारणाऱ्याची भीती मला रास्त वाटली. म्हणूनच या पाचव्याचं नाव कळायला हवं होतं. नाव कळलं की तो किती वाढणार ते कळणार होतं, आणि त्यावर तो माझ्याकडे राहणार की त्याच्यासाठी मोठी टाकी असलेलं घर शोधायचं हे ठरणार होतं.

माझ्या मैत्रिणीला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवणारे सर आता निवृत्त आहेत, गंगापूर रोडला राहतात. तिच्या ओळखीने रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. मोबाइलवरचे फोटो पुढे केले आणि विचारलं, "सर, हा युप्टेरस आहे का?"

सरांनी मोबाइल हातात घेतलाच नाही. म्हणाले, "नाव बाजूला ठेव. आधी मासा लिही."

"म्हणजे?"

"घरी जा, त्याच्यासमोर बस आणि जे दिसतं ते कागदावर उतरव. पुस्तक उघडायचं नाही. नाव मनात धरून बघायला लागलीस की त्या नावाचंच दिसायला लागतं."

दोन पानं लिहून पुढच्या रविवारी परत गेले. सरांनी लाल पेनने तीन शब्दांभोवती गोल केले: 'मोठा', 'आखूड', 'जाड'. "मोठा म्हणजे कशापेक्षा? तू कंपनीत काय करतेस?" मी क्वालिटीमध्ये आहे, दिवसभर मोजमापाचा व्हर्निअर हातात असतो, असं सांगितलं. सर हसले. "मग हे शब्द तुझ्या वहीत आलेच कसे?"

ते मला लागलं, आणि बरं झालं लागलं.

एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲक्रिलिकचा अरुंद डबा करून घेतला. पंधरा सेंटिमीटर लांब, आतून जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. मागच्या बाजूला बाहेरून मिलिमीटरचा ग्राफ पेपर चिकटवला. टाकीचंच पाणी डब्यात भरायचं, मासा त्यात सोडायचा, बाजूने फोटो काढायचा आणि पाच मिनिटांत परत टाकीत. पहिले तीन मासे नीट झाले. चौथ्या वेळी हा पाचवा हाती येत होता म्हणून मी घाई केली आणि साधी जाळी वापरली.

सायनोडॉन्टिसच्या पाठीच्या पराला एक आणि छातीच्या दोन परांना एकेक असे तीन भक्कम काटे असतात. घाबरला की तो ते उभे करतो आणि सांध्यात अडकवून ठेवतो, मग ते आपल्याला मिटवता येत नाहीत. काट्यांच्या कडेला करवतीसारखे दात असतात. जाळी पाण्याबाहेर आली, मासा एकदा वळवळला आणि तिन्ही काटे जाळीच्या घरांत घट्ट बसले. आणि तो ओरडायला लागला. किर्र, किर्र, असा बारीक, कोरडा आवाज. छातीच्या काट्याचं बूड खोबणीत घासून हे मासे आवाज काढतात हे मी वाचलं होतं, पण हातातल्या जाळीतून तो आवाज थेट बोटांना जाणवतो हे वाचून कळलं नव्हतं. आईने धावत येऊन तिची शिवणाची छोटी कात्री दिली. मासा जाळीसकट टाकीच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवला आणि पाण्याखालीच एकेक धागा कापत गेले. पाठीचा काटा पहिल्यांदा सुटला. उजव्या बाजूचा सोडवताना माझ्या अंगठ्यात घुसला आणि मधमाशी चावल्यासारखी आग झाली. डाव्या बाजूचा सुटायला सर्वांत वेळ लागला. एक धागा काट्याच्या दातांमधून तीनदा फिरलेला होता. ओढला असता तर काटा मुळातून गेला असता. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. सुटल्यावर तो वाडग्याच्या तळाशी पडून राहिला. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मी मोजत बसले. ती मंदावली तेव्हाच त्याला परत सोडलं.

त्या दिवशी त्याचा फोटो काढला नाही. तेव्हापासून या माशांना मी जाळी लावलेली नाही. पीव्हीसीचा दीड इंची पाइप टाकीत ठेवते, मासा आपण होऊन आत जातो, दोन्ही तोंडं तळव्यांनी झाकून पाइपच उचलते. पंधरा दिवसांनी असाच पाइपमधून त्याला डब्यात उतरवला आणि फोटो मिळाला.

योगायोगाने दुसरा आणि पाचवा, दोघांची लांबी सारखीच भरली, बावन्न मिलिमीटर. त्यामुळे तुलना सरळ झाली. दुसऱ्याचा डोळा जेमतेम चार मिलिमीटर, पाचव्याचा साडेपाचला टेकलेला. दुसऱ्याच्या अंगाची उंची तेरा, पाचव्याची सोळा. डोक्याची लांबीही पाचव्याची जास्त. माझ्या कामात दीड मिलिमीटरचा फरक म्हणजे पार्ट सरळ रिजेक्ट.

सरांनी तो ग्राफ बघितला आणि पहिल्यांदा मासा हातात घेतल्यासारखा फोटो हातात घेतला. सायनोडॉन्टिस या एका प्रजातीत सव्वाशेहून अधिक जाती आहेत. त्या ओळखताना अंगावरच्या ठिपक्यांवर फार विसंबायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. वयाबरोबर, पाण्याबरोबर, माशाच्या मनःस्थितीबरोबरही ते बदलतात. बघायचं ते मिशांना फाटे कसे फुटतात, कल्ल्यामागे खांद्याचं जे टोकदार हाड त्वचेतून दिसतं त्याचा आकार, खालच्या जबड्यातले दात किती, डोळा डोक्याच्या लांबीत किती वेळा बसतो. दात जिवंत माशाचे मोजता येत नाहीत, म्हणून तो रकाना रिकामा ठेवायचा. युप्टेरस तिथेच मागे पडला. त्याचं डोकं लांबट आणि डोळा त्या मानाने लहान. उरला तो काँगोच्याच खोऱ्यातला दुसरा बुटका, उलटा पोहणारा मासा, मोठ्या डोक्याचा आणि मोठ्या डोळ्यांचा: सायनोडॉन्टिस कॉन्ट्रॅक्टस.

कॉन्ट्रॅक्टस म्हणजे लॅटिनमध्ये आखडलेला. विन्चिग्वेर्रा या इटालियन शास्त्रज्ञाने १९२८ साली या माशाचं वर्णन केलं. निग्रिव्हेंट्रिसचं वर्णन लोरे डेव्हिड यांनी १९३६ साली केलं, म्हणजे बाजारात मिरवणारं नाव आठ वर्षांनी धाकटं. सरांचा अंदाज असा की दोन जाती एकाच पिशवीत आल्या याचा अर्थ हे मासे कोणी तळ्यावर पैदा केलेले नाहीत. नदीत एकाच जाळ्यात सापडले आणि कोणी निवडत न बसता एकत्रच पाठवले. मला ते ऐकून कसंसंच झालं. किनशासाच्या आसपास कुठेतरी जाळ्यात आलेला मासा विमानाने, मग होलसेलरच्या टाकीतून, मग मुंबई-आग्रा रोडने माझ्या कौलाखाली आला होता, आणि मी त्याला दुसऱ्यांदा जाळ्यात घातलं होतं.

कॉन्ट्रॅक्टसही निग्रिव्हेंट्रिसएवढाच, बोटभर राहतो. तो माझ्या टाकीत राहू शकणार होता. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग बटबट्या आपलाच!"

त्याला ठेवायला विशेष खर्च नाही, पण काही बाबतीत चालढकल चालत नाही. पहिली वाळू. आजकाल नाशिकला बांधकामावर सगळीकडे क्रश सँड मिळते. ती दगड फोडून केलेली असते, तिच्या कडा धारदार असतात, आणि तळाशी मिशा घासत हिंडणाऱ्या माशाच्या मिशा त्यात झिजून जातात. मी बारीक, गोल कणांची वाळू घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुतली. पाणी आमचं गंगापूर धरणाचं, माझ्या मीटरवर पीएच सात-साडेसात. या माशांना ते चालतं, फक्त पावसाळ्यात क्लोरिनचा वास वाढतो तेव्हा अँटीक्लोरीन टाकून रात्रभर हवा दिल्याशिवाय बदलत नाही. कॉलनीतल्या देशी बदामाची गळलेली, वाळलेली पानं धुऊन टाकते. पाण्याला चहासारखा रंग येतो आणि मासे दिवसाही थोडे बाहेर येतात. लपायला लाकूड आणि जुनी कौलं. उलटा मासा जमिनीपेक्षा छत शोधतो, म्हणून कौल तळावर न टेकवता दोन दगडांवर उचलून ठेवायचं.

खाणं दिवे गेल्यावरच. बुडणाऱ्या गोळ्या, फ्रोजन ब्लडवर्म, कधी उकडलेल्या मटाराचा गर. तरंगणारं खाणं टाकलं तर सगळे उलटे वर येऊन पाण्याची कातडी चाटल्यासारखे खातात. ते बघायला बाबा अजूनही नऊ वाजता खुर्ची ओढतात.

औषधाचं मात्र लक्षात ठेवावं. या माशांना खवले नसतात, त्यामुळे तांबं असलेली औषधं, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन त्यांना चटकन बाधतात. व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग, दिसला की दुकानदार सवयीने पूर्ण डोस सांगतात. अर्ध्यावर थांबावं आणि पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत नेऊन हवा वाढवावी. गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की एअर पंप बंद करून टाकीवर ओली चादर टाकायची. पंप बाहेरची हवा ओढतो, ती धुरासकट थेट पाण्यात जाते.

थंडी हे नाशिकचं खरं संकट. निफाडला पारा पाच-सहावर जातो तेव्हा आमच्याकडेही आठ-नऊ असतो. टाकी पंचवीस अंशांवर ठेवायला हीटर रात्रभर चालतो. गेल्या जानेवारीत रात्री एकला वीज गेली. बॅटरीचा एअर पंप लावला, आईने दोन गोधड्या काढून टाकीभोवती गुंडाळल्या, आणि आम्ही गरम पाण्याच्या बंद बाटल्या तासातासाने आत सोडत बसलो. पाच वाजता वीज आली तेव्हा पाणी एकवीसवर होतं. पाचही मासे लाकडाखाली एकमेकांना चिकटले होते, पाचवासुद्धा. तो त्यांच्यात गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चौदा महिन्यांनी पुन्हा डबा काढला. पाचवा एकाहत्तर मिलिमीटर, दुसरा अडुसष्ट. युप्टेरस असता तर एवढ्यात दुप्पट झाला असता आणि अंगलट आला असता. डोळ्यांतला फरक तसाच, डोकं तसंच. मी वहीत नाव लिहून सरांकडे नेलं. त्यांनी दोन शब्दांच्या मध्ये 'सीएफ.' ही दोन अक्षरं घातली: सायनोडॉन्टिस सीएफ. कॉन्ट्रॅक्टस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'ताडून पाहा'. जात बहुधा हीच, पण सगळे पुरावे हातात नाहीत, हे शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे असं लिहितात. "दातांचा रकाना रिकामा आहे ना? मग हे हवं," सर म्हणाले. टाकीवरच्या चिठ्ठीवरही मी आता तसंच लिहिलं आहे.

हे मासे सोबतीने राहणारे. त्याच्या जातीचा आणखी एखादा मिळावा म्हणून मी दुकानातल्या दादांना ग्राफ पेपरवरचे दोन्ही फोटो देऊन ठेवले होते. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "ताई, अपसाइड डाउनची पिशवी आलीय. मी उघडली नाही अजून. डोळे बघायला येताय का?"

आम्ही दोघांनी मिळून दुकान बंद व्हायच्या वेळी एकेक मासा काचेच्या बरणीत घेऊन पाहिला. चाळीस होते. दादाच पुढे पुढे होऊन सांगत होते, "हा साधा, हा साधा, याचं डोकं बघा, नाही, साधाच." चाळिसावा झाल्यावर त्यांनी बरणी पुसून ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या पिशवीत बघू." मी साडेनऊला रिकाम्या हाताने घरी पोचले. बाबा खुर्ची टाकीसमोर ओढून बसले होते.